थेओफील बुझीगला मारलेली हाक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावाचे नगराध्यक्ष माननीय पेर्नोसाहेब, माझ्या उजव्या हाताला बसलेले आमच्या चित्रपटाचे तरुण दिग्दर्शक रेजिस कोलोंबार, डाव्या हाताला बसलेले सत्कारमूर्ती आर्मां दल्वेर, मघापासून फुलं सांभाळत उभ्या असलेल्या शाळेतल्या मुली, बॅण्डपथकातली मंडळी, आणि पाऊलभर चिखल तुडवत इथवर आलेल्या रोन नदीकाठच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी एर्मांस तावर्नोल. माझी ओळख करून देताना अध्यक्ष म्हणाले, 'ज्येष्ठ अभिनेत्री.' पेर्नोसाहेब, सरळ म्हातारी म्हणाला असतात तरी मी रागावले नसते. पण लोक मला ज्येष्ठ म्हणून ओळखत नाहीत आणि अभिनेत्री म्हणूनही ओळखत नाहीत. रस्त्यात थांबवतात आणि विचारतात, "दल्वेरचे डोळे मिटणारी बाई ना तुम्ही?" हो, तीच मी. हा गृहस्थ पडद्यावर जेव्हा जेव्हा मेला, तेव्हा त्याच्या पापण्यांवरून जो हात फिरला तो हा हात. कधी मी त्याची बायको होते, कधी बहीण, कधी खानावळीची मालकीण, एकदा तर तुरुंगातली जोगीण. भूमिका बदलत गेल्या, हात तोच राहिला.

आयोजकांनी मला तीन गोष्टी बजावल्या आहेत. गोड बोला, थोडं बोला, आणि उद्याच्या चित्रीकरणाचा विषय काढू नका. गोड बोलेन. थोडं बोलण्याचं वचन देत नाही, कारण माईक हातात आलेली नटी आणि सुटलेला घोडा सारखेच. आणि तिसरी अट मोडायलाच मी उभी राहिले आहे, हे आधीच सांगते, म्हणजे मागाहून फसवलं म्हणायला नको. उद्या सकाळी हा सत्तरी ओलांडलेला, पोहता न येणारा माणूस पुराच्या रोनमध्ये उतरणार आहे. तुम्ही सगळे काठावर उभं राहून बघणार आहात. शाळेला सुट्टीसुद्धा दिली आहे म्हणे. असो. आधी सत्कार करू.

तर पेर्नोसाहेब, तुमचं भाषण फार छान झालं. फक्त एक वाक्य खटकलं. तुम्ही म्हणालात की आर्मां दल्वेर या गावाशी एका अदृश्य अमक्याने बांधले गेले आहेत. ते अमकं म्हणजे काय ते मी पुन्हा म्हणणार नाही. ज्याने नाव काठाला बांधतात, ज्याने रंगमंचावरचा पडदा ओढतात, ती वस्तू. तुम्ही औषधांचे दुकानदार, तुमचा काही दोष नाही. पण नाटकवाल्यांमध्ये ते नाव घेत नाहीत, आणि नावाड्यांमध्येही घेत नाहीत. आमच्याकडे एखाद्याच्या तोंडून निसटलंच, तर त्याने सगळ्यांना वाइन पाजायची आणि तोंड धुऊन यायचं, अशी रीत आहे. तुम्ही ते व्यासपीठावरून म्हणालात, चित्रीकरणाच्या आदल्या संध्याकाळी म्हणालात, आणि ज्याची नाटकवाले आणि नावाडी ही दोन्ही गोत्रं आहेत अशा माणसाच्या सत्कारात म्हणालात. शेवटच्या रांगेतल्या ओक्ताव नावाड्याने तेव्हा टोपी काढून हातात घेतली ती अजून डोक्यावर घातलेली नाही. सुशिक्षित मंडळी हसली. मीही हसले, पण मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच.

आता सत्कारमूर्तींविषयी. आर्मां दल्वेर हे नाव त्यांच्या आईने ठेवलेलं नाही, हे या गावाला सांगायला नको. हा बुझीगांचा थेओफील. मालवाहू नावेवर जन्मला, नावेवर रांगला आणि सोळाव्या वर्षी नाव सोडून पळाला. तेव्हा या गावात एक फिरती नाटक कंपनी तंबू ठोकून होती, त्यांना एक मेलेला शिपाई हवा होता. आधीचा मेलेला शिपाई प्रेमात पडून ल्योंला राहिला होता. थेओला उभं केलं, पाडलं, आणि तो असा काही पडला की पहिल्या रांगेतली एक बाई किंचाळली. व्यवस्थापक म्हणाला, "पोरा, तुझं मरणात भवितव्य आहे." मी तेव्हा त्या कंपनीत दासींच्या भूमिका करायचे आणि बटाटे सोलायचे. बटाटे जास्त.

त्या कंपनीत फिर्मां नावाचा एक म्हातारा नट होता. राजे, बाप, न्यायाधीश असं काय काय करायचा. एका दुपारच्या खेळात तिसऱ्या अंकाच्या शेवटी तो विष पिऊन मेला, पडदा पडला, आणि आम्ही सगळे जेवायला पळालो. तंबूतच, पडद्यामागे, दहा पावलांवर कांद्याच्या सूपाचं भांडं होतं. फिर्मां उठला नाही. कोणीतरी म्हणालं, "बघा, किती छान मेलाय आज!" आम्ही हसलो. कोणीतरी त्याच्या वाटीवर ताटली झाकून ठेवली. सूप संपलं, भांडी विसळून झाली, तरी ती वाटी तशीच होती. मग थेओ उठून त्याला उठवायला गेला.

त्या दिवसापासून थेओने एक नियम घातला, आणि नाटकातून आम्ही सिनेमात आलो तेव्हा तो नियमही आमच्याबरोबर आला. मरणाचं दृश्य संपलं की ज्याने डोळे मिटले, त्याने मेलेल्याला खऱ्या नावाने हाक मारायची. मेलेल्याने उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय सेटवरून कोणी हलायचं नाही. निर्माता नाही, दिवेवाला नाही, मोटार खोळंबलेली नायिका नाही. मी म्हणायचे, "थेओफील बुझीग, ऊठ. सूप निवतंय." आणि हा डोळे न उघडता म्हणायचा, "तुझं सूप तूच पी, चेटकिणी." मग सगळे सुटकेचा निःश्वास सोडायचे आणि जेवायला जायचे. पडद्यावरचं मरण सेटवरच सोडून यायचं, अंगाखांद्यावर घेऊन घरी जायचं नाही, असं तो म्हणे.

मूकपटांच्या काळात त्याला फारसं कोणी विचारलं नाही. चेहरा दगडी होता. पण पडदा बोलायला लागला, आणि त्या दगडातून आवाज आला. नावेवरून नावेला हाक मारणाऱ्यांचा आवाज तो. घशातून नाही, पोटातून निघणारा. पॅरिसच्या बायका त्या आवाजावर भाळल्या. मग काय विचारता! पळालेला कैदी, नोकरीवरून काढलेला कालव्याचा रखवालदार, बायकोवर अतोनात जीव असलेला खुनी. सगळ्या भूमिकांचं एक साम्य होतं. शेवटच्या रिळात तो मरायचा. एकदा एका भल्या लेखकाने त्याला जिवंत ठेवलं. त्याचं लग्न लावून दिलं, परसात कोंबड्या दिल्या. ल्योंच्या चित्रपटगृहात लोकांनी खुर्च्या आपटल्या. "मारा त्याला!" असं बाल्कनीतून ओरडले, मी स्वतः ऐकलं आहे. निर्मात्याने आठवड्याभरात नवा शेवट चित्रित करून जोडला आणि पुलावरून कोसळणाऱ्या दल्वेरला बघून तीच माणसं रुमाल ओले करून बाहेर पडली.

प्रेक्षक मायबाप असतात असं आम्ही भाषणांमधून नेहमी म्हणतो. कसले मायबाप हो, ज्यांना आपलं लेकरू पुन्हा पुन्हा मेलेलं बघायचं असतं?

राग मानू नका. टाळ्या वाजवायला मीही होतेच.

त्याचं सर्वांत गाजलेलं बुडणं तुम्हाला आठवत असेल. काळं पाणी, एक हात वर, मग तोही नाही. सगळा देश रडला. ते पाणी स्टुडिओतल्या हौदातलं होतं, कमरेइतकं, आणि थेओला सर्दी होऊ नये म्हणून कोमट केलेलं. तो बुडण्यासाठी गुडघ्यांवर बसला होता. मध्येच त्याचा एक मोजा सुटून वर तरंगायला लागला आणि कॅमेरावाला हसून लोळला. अहो, याला पोहता येत नाही! नावेवरच्या जुन्या लोकांना कुठे यायचं? पाण्यावर जगायचं, पाण्यात नाही, असं इथले म्हातारे म्हणायचे. आणि याला तर पाण्याकडे पाठ करून उभं राहणंही जमत नसे. आम्ही समुद्रकाठी सुट्टीला गेलो तर हा जेवणाच्या टेबलाशी भिंतीकडे पाठ करून बसायचा. मी चेष्टा करायचे. कारण मला ठाऊक नव्हतं. कारणाकडे मी येते आहे. पेर्नोसाहेब, घड्याळाकडे बघू नका, ते भिंतीवरून पळून जाणार नाही.

महायुद्ध झालं, काळ बदलला. थेओ बापांच्या भूमिका करू लागला, मग आजोबांच्या. आणि मग हे तरुण लोक आले. यांना स्टुडिओ नको, रंगवलेलं आकाश नको, कोमट पाणी तर नकोच. खांद्यावर कॅमेरा घेऊन हे रस्त्यावर उतरले. मी त्यांना नावं ठेवणार नाही, त्यांच्यात जीव आहे. पण जीव असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या जिवाची किंमत कळतेच असं नाही. त्यांच्यातल्या एकाने मासिकात लिहिलं की दल्वेर पाण्यात उतरतो तेव्हा पाणीसुद्धा अभिनय करतं. लेख वाचून आम्ही पोट धरून हसलो. थेओ हसला नाही. त्याने तो कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवला, आणि बरेच महिने तो कोट बदलला की कागदही नव्या कोटात जायचा. लिहिणारा मुलगा आज माझ्या उजव्या हाताला बसला आहे. नमस्कार, रेजिस.

मग याच मुलाने थेओला पत्र लिहिलं. म्हातारा नावाडी, शेवटची फेरी, शेवटी नदीत उतरून जातो. खरी नदी, खरी नाव, खरं पाणी. "आयुष्यात एकदा खरं मरायला याल का?" असं विचारलं होतं त्याने. वाक्य छान जमलंय, नाही? तरुणपणी अशी वाक्यं जमतात. मी थेओला म्हटलं, "नको जाऊस." तो म्हणाला, "एर्मांस, लोकांनी मला आयुष्यभर रडून निरोप दिला तो एका हौदापाशी. एकदा तरी नदीपाशी देऊ देत." आणि जागा कुठली, असं विचारल्यावर त्याने स्वतः हे गाव सांगितलं. नदीचं हेच वळण सांगितलं, चर्चच्या खालचं.

आमच्या धंद्यात गोष्टी क्रमाने घडत नाहीत हे तुम्हाला माहीत नसेल. लग्न आधी होतं, ओळख नंतर. या चित्रपटात थेओचं प्रेत आधी चित्रित झालं. गेल्या गुरुवारी, वळणाखालच्या गाळात. तुमच्यातले काही बघायला आले होते. तो चिखलात पडला होता, अंगावर ओला सदरा, केसात काटक्या. मी गुडघ्यांवर बसले, डोळे मिटले. दृश्य झालं. मी नियमाप्रमाणे हाक मारली, "थेओफील बुझीग, ऊठ. सूप निवतंय." उत्तर आलं नाही. मी पुन्हा हाक मारली. रेजिसने मला हाताने गप्प केलं आणि हळूच म्हणाला, "बाई, त्यांना तसंच राहू द्या. चेहऱ्यावर काहीतरी येतंय, ते मला हवंय." कॅमेरा फिरत राहिला. रीळ संपलं तेव्हा पोरं सिगारेटी पेटवत निघून गेली, कारण तो नियम त्यांना कोणी शिकवलाच नव्हता. थेओ कितीतरी वेळाने उठला, सदरा झटकला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. इतक्या वर्षांत मी त्याला इतक्यांदा मारलं, पुरलं, जाळलं. त्याने उत्तर दिलं नाही असं गेल्या गुरुवारी पहिल्यांदा झालं.

म्हणजे हिशेब असा, मंडळी, की त्याचं प्रेत फिल्मच्या डब्यात तयार आहे. आता फक्त बुडायचं राहिलं आहे. आणि त्यानंतर या चित्रपटात त्याचं एकही दृश्य नाही. उद्या नदीतून तो वर आला नाही, तरी चित्रपट पुरा होतो.

रेजिस, खाली बघू नकोस. मी तुला खुनी म्हणत नाही. तू लबाड मुलगा नाहीस, आणि हीच माझी एकमेव आशा आहे.

काल खानावळीत आम्ही जेवायला बसलो होतो. तळलेले बारीक मासे होते, पांढरी वाइन होती. ओक्ताव आमच्या टेबलाशी आला. त्याने आयुष्य या नदीवर काढलं आहे, आणि उद्या वळणाच्या खाली होडी घेऊन तोच थांबणार आहे.

तो म्हणाला, "साहेब, वरच्या डोंगरांवरचं बर्फ एकदम सुटलंय. आज दुपारी एक अख्खं झाड गेलं खाली, मुळांसकट. मी होडी घेऊन उभा राहीन, पण खरं सांगतो, होडी पोचेल तेव्हा पोचेल."

रेजिस म्हणाला, "दोन होड्या ठेवू."

"दोन ठेवा नाहीतर दहा ठेवा. पाण्याला आकडे मोजता येत नाहीत."

मी म्हटलं, "त्याच्या कमरेला बांधा की काहीतरी! सदऱ्याच्या आतून. काठावर चार माणसं धरून उभी राहतील."

रेजिस म्हणाला, "बाई, ओल्या सदऱ्यातून दिसतं ते. आणि अंगाला ओढ बसते, माणूस मोकळा जात नाही. मग पुन्हा हौदच की."

आता कोणीतरी चिडायला हवं होतं. ज्याचा जीव होता तो मात्र शांतपणे माशाचा काटा काढत होता. म्हणाला, "पोरगं बरोबर बोलतंय. लहानपणी मला पुरेसं बांधून ठेवलं होतं. म्हातारपणी नको."

ओक्तावने हे ऐकलं आणि तो जागच्या जागी उभा राहिला. मग निघून गेला. आम्ही त्याला दिलेला वाइनचा पेला तसाच भरलेला. ओक्ताव, तुला कळलं होतं ना? इथल्या पांढऱ्या केसांच्या सगळ्यांना कळलं असतं. फक्त ज्याने कॅमेरा लावला आहे त्याला माहीत नाही. मला थेओने हे आयुष्यात एकदाच सांगितलं, आणि आज मी ते त्याच्या परवानगीशिवाय सांगते आहे. थेओ, तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी चालेल. त्यासाठी आधी तू जगला पाहिजेस.

रेजिस, नावेवरच्या आया पोरांना डोलकाठीला बांधून ठेवतात. कमरेला एक फेरा, पाठीवर गाठ, आणि डेकच्या कडेपर्यंत न पोचेल एवढीच लांबी. थेओ सहा वर्षांचा होता आणि त्याचा धाकटा भाऊ बास्तियां चार वर्षांचा. सेंट निकोलसचा दिवस होता, नावाड्यांचा सण. नाव याच वळणाला, चर्चच्या खाली लागली होती. बापाने चार घोट घेतलेले. बास्तियां रडत होता की मला काचतंय. बाप म्हणाला, "सणाला कुणी पोराला जनावरासारखं बांधतं का!" आणि त्याने धाकट्याची गाठ सोडली. मोठ्याची सोडायला वाकला, तेवढ्यात काठावरून कोणीतरी त्याला हाक मारली. तो गेला. बास्तियां कडेला गेला. थेओ त्याच्या मागे धावला, आणि त्या वस्तूने त्याला जिथवर जाऊ दिलं तिथवर गेला. कड दोन हातांवर राहिली. त्याने भावाला जाताना पाहिलं. तो मला म्हणाला होता, "एर्मांस, दोन हात कमी पडले. फक्त दोन हात."

त्यानंतर बुझीगांच्या नावेवर त्या वस्तूचं नाव कोणी घेतलं नाही. नाटकवाल्यांची रीत त्याला मागाहून मिळाली. त्याची स्वतःची त्याआधीची होती.

आता कळलं, त्याने हे वळण का सांगितलं ते? गुरुवारी चिखलात पडल्या पडल्या त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, जे तुला हवं होतं, ते काय होतं ते कळलं? रेजिस, तुला वाटतंय तू म्हाताऱ्याला खोट्या मरणातून सोडवतो आहेस. तो तुझ्या कॅमेऱ्यासमोर नदीत उतरत नाहीये, पोरा. तो कडेपर्यंतचे ते दोन हात चालणार आहे.

खिडक्या बंद आहेत तरी नदीचा आवाज येतो आहे, ऐकताय ना? मघाशी बॅण्ड वाजत होता म्हणून जाणवला नाही.

मी देवभोळी बाई आहे. शिडीखालून जात नाही, रंगमंचावर हिरवा पोशाख घालत नाही, आणि ते नाव तर तंबूत बटाटे सोलत होते तेव्हापासून माझ्या तोंडून एकदाही गेलेलं नाही. एका दिग्दर्शकाने संवादात लिहिलं तर मी भूमिका सोडली होती. लोक म्हणाले, एर्मांसचं डोकं फिरलं. पण काल रात्री अंथरुणात पडल्या पडल्या माझ्या मनात आलं, आम्ही नाटकवाले आणि तुम्ही नाववाले, सगळे मिळून एका वस्तूचं नाव घ्यायला घाबरतो, आणि म्हणून ती वस्तू ज्याला हवी त्याच्यासाठी मागतही नाही. 'बांधा की काहीतरी' असं म्हणते मी. काहीतरी म्हणजे काय? काहीतरीने माणूस वर येत नाही.

म्हणून मी आता ते म्हणणार आहे. ज्यांना टोप्या काढायच्या असतील त्यांनी काढाव्यात.

दोर.

दोर, थेओ. दोर. उद्या तुझ्या कमरेला दोर बांधायचा. चांगला जाड, नावेचा दोर, सदऱ्यातून दिसला तर दिसू दे. दोराने तुझ्या भावाला बुडवलं नाही. दोर सुटला म्हणून तो बुडाला. आणि ज्याचा सुटला नाही तो जगला, सोळाव्या वर्षी पळाला, मला भेटला, आणि त्याने मला आयुष्यभर चेटकीण म्हटलं. ते दोन हात तुला कमी पडले असं तू म्हणतोस. मी म्हणते, तेवढेच पुरले.

झालं. म्हटलं एकदाचं. छप्पर कोसळलं नाही. रीतीप्रमाणे सगळ्यांना वाइन मी पाजायची. पेर्नोसाहेबांची फेरी आज होऊ दे, माझी उद्या. उद्या दुपारी खानावळीत, चित्रीकरण झाल्यावर, सगळं गाव या. पण पहिला पेला सत्कारमूर्तींनी उचलायचा. तो उचलायला ते आले नाहीत, तर मी कोणालाही थेंब पाजणार नाही, हेही सांगून ठेवते.

आता आभार. अध्यक्षांचे आभार, त्यांनी मला बोलू दिलं. त्यांना पश्चात्ताप होत असणार, तो त्यांनी गिळावा. शाळेतल्या मुलींचे आभार, त्यांची फुलं सुंदर आहेत. बॅण्डवाल्यांचे आभार. ओक्तावचे आभार, त्याने काल पेला भरलेला टाकला, आणि आत्ता माझ्या बोलण्याच्या मध्येच तो उठून बाहेर गेला. होडीवरून काय आणायला गेला ते मला ठाऊक आहे, देव त्याचं भलं करो. रेजिसचेही आभार. मुला, आता तू मान वर करून माझ्याकडे बघतो आहेस. चांगलं लक्षण आहे ते. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, कोणाच्या घरातलं दुःख मी भर सभेत काढलं असेल, कोणाच्या कलेला कमी लेखलं असेल, तर या म्हातारीचं चुकलंमाकलं पदरात घ्या. क्षमा आज कराल ना? उद्या मागावी लागली तर मला ती नको असेल.

अध्यक्षमहाराज, समारंभ संपला असं एवढ्यात जाहीर करू नका. कार्यक्रमपत्रिकेवर 'निरोप' छापलंय तुम्ही. आमच्यात निरोपाची एक रीत आहे, ती राहिली आहे. गुरुवारपासून राहिली आहे.

थेओ, खिडकीकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ.

थेओफील बुझीग, ऊठ. सूप निवतंय.

नुसतं हसणं म्हणजे उत्तर नव्हे, थेओ.

थेओफील बुझीग, ऊठ. सूप निवतंय.

नाही, अजून कोणी खुर्च्या सरकवू नका. दारातल्यांनी जरा आत या आणि दार लावून घ्या. नियम त्याचाच आहे, मी घातलेला नाही. तो उत्तर देईपर्यंत आपण कोणी इथून हलायचं नाही. मी उभी आहे.